सात नंबरचा खोटा आलेख

१

बोअर कोरडी गेली.

कागदावर एकशे चाळीस मीटरला पाणी होतं. एकशे छप्पन्नपर्यंत खाली गेलो, आणि वर काय आलं, तर करडा भुगा. रिगवाल्या ग्रीशानं मशीन बंद केलं, भुगा चिमटीत धरून फुंकला आणि म्हणाला, "यात पोस्टाचं तिकीट चिकटेल एवढीसुद्धा ओल नाही."

खालच्या आक-तेरेक गावातून पंधरावीस माणसं घोड्यांवरून जाइलूवर, म्हणजे या उन्हाळी कुरणावर, चढून आली होती, पाणी बघायला. बायकांनी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून आणले होते.  बोरसोकची फडकी होती तशीच पुन्हा बांधली आणि उतरले खाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

कारण त्यांना ही एकच बोअर मंजूर झाली होती. गावातला झरा तीन वर्षं आटत चाललाय. थंडीच्या आत पाणी मिळालं नाही तर चाळीसच्या चाळीस घरं उठवून खाली हमरस्त्याकडेला वसवायची, असं जिल्ह्यानं ठरवून टाकलेलं. रिग चार दिवसांनी दुसऱ्या खोऱ्यात जाणार होती. म्हणजे चार दिवसांनी आक-तेरेक संपलं.

मी केन्जेबाय. पथकाचा ट्रक चालवतो, तारा अंथरतो, चूल पेटवतो. मला विज्ञानातलं काही कळत नाही असं समजू नका. सव्वीस वर्षं या लोकांबरोबर डोंगर तुडवतोय. आमचं काम असं. दूर कुठं विजा चमकतात, वर आभाळात सूर्याची वादळं होतात, त्यानं जमिनीत आपोआप बारीक बारीक प्रवाह फिरतात. आम्ही चार दिशांना पन्नास-पन्नास मीटरवर मातीच्या बुडाची मडकी पुरतो, मधे यंत्र ठेवतो आणि एक दिवस ते प्रवाह ऐकत बसतो. त्यातून आलेख निघतो. ओल्या जमिनीतून प्रवाह सुखानं जातो, तिथं आलेख खाली उतरतो, आणि पाणी किती खोल आहे तेही त्यातूनच काढतात.

फक्त एक भानगड असते. वरच्या वर कुठं चिकणमातीचा पट्टा असला, गंजका पाइप असला, तर तो मडक्यांना फसवतो. अख्खा आलेख वर नाहीतर खाली सरकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी दुसरं माप घ्यायचं. तारेचा मोठा चौकोन जमिनीवर अंथरायचा, त्यात वीज सोडायची, बंद करायची आणि नुसत्या कॉइलनं कान लावायचा. मडकीच नाहीत म्हटल्यावर फसणार कोण? चौकोन सांगेल तिथं आलेख सरकवून ठेवायचा आणि वहीत तसं लिहायचं. हे सरकवण्याचं काम बुरुलचं.

बुरुल म्हणजे आमची सत्तावीस वर्षांची पोरगी, पथकातली सगळ्यात हुशार. आणि आक-तेरेकची.

तंबूत आमचा प्रमुख एर्मेक कॉम्प्युटरसमोर बसला होता. पडद्यावर सहा, सात आणि आठ नंबरचे आलेख. सहा वर, आठ वर, आणि आम्ही जिथं बोअर मारली तो सात एकटाच खाली.

"हा सात कुणीतरी हातानं खाली ओढलाय," एर्मेक म्हणाला. "पाणी जवळ दिसावं म्हणून."

सगळ्यांच्या माना बुरुलकडे वळल्या.

"मी हात लावला नाही," ती म्हणाली.

"मग चौकोनाचं माप दाखव."

"सातवर चौकोन झालाच नाही. मेंढ्यांनी तार तोडली, हे तेव्हाच सांगितलं होतं."

मी चहाचं भांडं हातात घेऊन तिथंच उभा होतो. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण सात नंबरवरचा तो चौकोन मी स्वतः, या दोन हातांनी अंथरला होता.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या कार्यालयाची जीप आली आणि तिच्यातून उम्सुनाय एजे उतरल्या. एजे म्हणजे मोठी ताई. वय एकाहत्तर. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली, पण आलेखाचं भांडण लागलं की कार्यालयवाले अजून त्यांनाच धाडतात. कॉम्प्युटर येण्याआधीपासून ही बाई पेन्सिल आणि पारदर्शक कागद घेऊन आलेख वाचत आलीये. एका कानानं ऐकू येत नाही. तोंडात सदा कुरूतचा खडा, ते खारट वाळकं दही. गालात इकडून तिकडे फिरवत राहतात.

एर्मेक धावत सामोरा गेला. "एजे, फाइल तयार आहे. सरळ प्रकरण आहे, संध्याकाळपर्यंत—"

"आधी चहा," एजे म्हणाल्या आणि माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या.

चहा ओतेपर्यंत त्यांचा हात चुलीच्या दगडांवरून फिरत होता. मोठे सपाट दगड, मधे बशीसारखे खोलगट, गुळगुळीत.

"कुठून आणलेस रे हे?"

"सात नंबरच्या बाजूनं. दहाबारा पडले होते. भांडं कसं झकास बसतं बघा."

"झकासच बसणार," एजे म्हणाल्या. "तू कुठला?"

"सपाटीवरचा. आमच्याकडे बिटाची शेती, एजे. बाप ट्रॅक्टर चालवायचा."

"तरीच." बस्स, एवढंच. तरीच काय, ते सांगायचं नाही. मला असल्या माणसांचा फार राग येतो.

मग त्यांनी एर्मेकला समोर बसवलं.

"सात नंबर निवडला कुणी?"

"मी. दोन्हीकडे पाणी खोल आणि मधेच वर आलेलं. घुमटासारखं. कुणीही तिथंच बोअर मारली असती."

"चौकोनाशिवाय?"

एर्मेकनं कपाळ चोळलं. "जिल्ह्यातून रोज फोन येत होते, एजे. तार तुटली म्हणाली, म्हटलं पुढं चला. चुकलं माझं. पण आलेख मी नाही ओढला. या बोअरसाठी मी सहा महिने कार्यालयांचे उंबरे झिजवलेत. कोरडी जागा दाखवून मला काय मिळणार होतं?"

"आणि बुरुलला?"

"तिचं गाव आहे. दोनशे मीटरच्या आत पाणी दिसलं तरच रिग मिळते, असा नियम. सहा आणि आठवर दोनशे ऐंशी दिसतंय. सात खाली नसता तर रिग इथं आलीच नसती." त्यानं फाइल मिटली. "मला ते बोलायला आवडत नाही. पोरगी चांगली आहे."

एजेंनी तिन्ही आलेख कागदावर काढून घेतले. सहा नंबरवर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलनं उतरवला, तो कागद सात नंबरवर ठेवला आणि बोटानं हळूहळू खाली सरकवला. मी मागून डोकावत होतो. एका जागी रेघेवर रेघ अशी बसली की दोन आलेख आहेत हेच कळेना.

मग त्यांनी यंत्रातलं मूळ कार्ड मागितलं. जे जमिनीवर असताना भरलं गेलं, ज्याला कॉम्प्युटरवाल्या कुणाचा हातच लागू शकत नाही. ते लावून बघितलं आणि कुरूत एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"एर्मेक, मूळ रेकॉर्डमध्येसुद्धा सात खालीच आहे. कॉम्प्युटरवर कुणी काही ओढलेलं नाही."

"मग?"

"मग ज्यानं ओढला, त्यानं जमिनीत ओढला."

३

जमिनीत ओढणारा माणूस आमच्या मते एकच होता. मेंढपाळ साटिबाल्दी. ही जाइलू त्याच्या बापापासून त्याच्याकडे. आमच्यावर पहिल्या दिवसापासून खार खाऊन होता. सात नंबरवरची मडकी तीनदा उपटलेली सापडली होती, आणि नाव त्याचंच झालं होतं.

तो घोड्यावरूनच बोलला. उतरायची तसदी घेतली नाही.

"मडकी उपटली मी. एकदाच. आधीच्या दोन वेळा मेंढ्यांनी उपटली."

"हो का? मेंढ्यांनी खड्डे खणले?" मी म्हटलं.

"तुझ्यापेक्षा बरे खणतात. तुमच्या तारा चघळल्या, तुमची मडकी चाटली, आणि रात्रभर तिथून हलायला तयार नाहीत. तुझ्या त्या ट्रकच्या आवाजाला भिऊन कळप पांगला तर मेंढ्या कोण गोळा करणार? तू?"

"बाकीच्या नंबरांवर का नाही चघळल्या?"

"मी त्या साहेबाला पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, इथं खिळे ठोकू नका, ही माझ्या मेंढ्यांची जागा आहे. तो म्हणाला, सरकारी परवानगी आहे. म्हटलं बरं, घाल परवानगी चुलीत."

"मेंढ्यांची जागा म्हणजे कसली जागा, हे त्यानं विचारलं नाही?" एजेंनी चांगला कान पुढं केला.

"इथं कोण कुणाला काय विचारतंय, एजे?"

बोलता बोलता आम्ही सात नंबरपाशी आलो होतो. बाकी जाइलूवर गुडघाभर गवत, आणि इथं दीडशे पावलांचा मोकळा, तुळतुळीत पट्टा. खणायला मऊ, तंबू ठोकायला सोयीचा. म्हणूनच तर आम्हाला ती जागा पहिल्या नजरेत आवडली होती. साटिबाल्दीच्या घोड्यानं मान खाली घातली आणि उघडी माती चाटायला लागला. त्यानं लगाम ओढला. घोडा पुन्हा खाली.

मला आपली तलफ आली. खिशातून पुडी काढली, नासबायची, आमच्याकडच्या तंबाखूची, हिरवी चिमूट ओठाखाली सोडली आणि साटिबाल्दीपुढं धरली. कितीही भांडण असलं तरी नासबाय नाकारायचं नसतं, आणि त्यानंही नाकारलं नाही.

"मलाही दाखव," एजे म्हणाल्या.

"एजे! तुम्ही पण?"

त्यांनी चिमूट घेतली नाही. पुडी उलटी केली, चौकटीचा कागद उन्हात धरला, घडीच्या आत डोकावल्या. मग माझी अख्खी पुडी, नासबायसकट, आपल्या पिशवीत टाकली.

"संध्याकाळी परत देते," त्या म्हणाल्या. "कागद मात्र मिळणार नाही."

४

दुपारी एजेंनी बुरुलला बोलावलं. मला म्हणाल्या, "तू जाऊ नकोस. तुझाही संबंध आहे."  मी चुलीपाशी बसलो आणि कोरडीच भांडी घासत राहिलो.

"पोरी, सातवर चौकोन झाला नाही म्हणालीस."

"हो, एजे."

"केन्जेबाय म्हणतो झाला."

मी असलं काही म्हणालो नव्हतो! पण माझ्याकडे बघून बुरुलचा चेहरा असा उतरला की मला 'नाही' म्हणवेना. असली थाप मारून खरं काढायचं, ही कुठली रीत?

"बायके," ती मला म्हणाली (मानानं ती मला बायके म्हणते), "तुम्हीच ना ते पान घेतलं? तीन आठवडे मला झोप नाही. वाटायचं, कुणाला तरी माहीत आहे आणि तो गप्प बसून माझी मजा बघतोय."

"कसलं पान?" मी म्हटलं. "देवाशपथ, कसलं पान?"

एजेंनी पिशवीतून माझी पुडी काढली, नासबाय माझ्या टोपीत ओतली आणि कागद गुडघ्यावर पसरला. हिरवे डाग पडलेले. पण पेन्सिल दिसत होती. वर लिहिलं होतं सात नंबर, खाली मापांची रांग, आणि तळाला बुरुलच्या अक्षरात एक ओळ. 'चौपट वर. उद्या पुन्हा.'

 आठवलं सगळं. त्या संध्याकाळी चौकोन गुंडाळून मी तिला ट्रकनं खाली आईकडे सोडलं होतं. तारा, कॉइल, वही, सगळं सीटवर टाकून ती उतरली. परत येताना माझी पुडी फाटली. सीटवर चौकटीच्या कागदाची वही पडलेली, जाड, छान कागद. शेवटचं लिहिलेलं पान कुठलं, हे कोण बघत बसतो? आम्ही लोक नासबायसाठी हाताला येईल तो कागद फाडतो. माझ्या बापानं एकदा माझ्या शाळेचं प्रगतिपुस्तक फाडलं होतं.

"अरे देवा," मी म्हटलं. 

"सकाळी येऊन बघितलं तर पान नाही," बुरुल म्हणाली.  "आणि मेंढ्यांनी तार खरंच चघळून ठेवली होती. पुन्हा माप घेता येईना. एजे, खरं सांगू? मला बरं वाटलं. पान गेलं म्हणजे मापही गेलं, असं मी मनाशी ठरवलं. आलेख एकशे चाळीस म्हणत होता. एकशे चाळीसला रिग मिळते. मला ते खरं हवं होतं. मी आलेख ओढला नाही. पण वर सरकवायला हवा होता, तो सरकवलाही नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मला निदान काहीतरी करता आलं असतं.

एजेंनी चुलीवरचं भांडं उतरवलं. एक दगड निववून, फडक्यात धरून उचलला, राख पुसली आणि आमच्या देखत, एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईनं, तो दगड चाटला.

"सगळ्यांना तंबूत बोलवा," त्या म्हणाल्या. "साटिबाल्दीला पण. घोड्यावरून उतरायला सांगा."

५

तंबूत एर्मेक, ग्रीशा, बुरुल, साटिबाल्दी आणि मी. एजेंनी दगड मधे ठेवला.

"साटिबाल्दी, हा कशाचा दगड आहे ते या शिकलेल्या माणसांना सांग."

साटिबाल्दीनं बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "हा माझ्या बापाचा मिठाचा दगड! चोर लेकाचे! मी म्हणतोय दगड गेले कुठं!"

"मिठाचा?" एर्मेक म्हणाला.

"मेंढ्यांना मीठ नको? दगडावर खडे पसरायचे, कळप येऊन चाटतो. तुमचं पोट सूप-नूडल्सवर भरतं, त्यांचं नुसत्या गवतावर भरत नाही. सामुदायिक शेतीच्या काळात इथं ट्रकनं मीठ यायचं. तीन हजार मेंढ्या. बापानं चाळीस वर्षं टाकलं, मी बावीस वर्षं टाकतोय."

"म्हणजे बासष्ट वर्षं," एजे म्हणाल्या. "पाऊस पडला, बर्फ वितळलं, मीठ जमिनीत मुरलं. गवत मेलं. जागा मोकळी, मऊ आणि सपाट झाली. त्या जागेवर शहाणी माणसं आली, म्हणाली, वा, काय सोयीची जागा, आणि मडकी पुरली. खारट मातीतून प्रवाह लोण्यातून सुरी जावी तसा जातो. मग आलेख खाली गेला तर नवल काय? मेंढ्यांना ते पहिल्या दिवशी कळलं. त्या तारा चाटत होत्या तेव्हा तुम्ही त्यांना दगड मारत होता."

दगड मी मारले होते. मी खाली बघितलं.

"पण वरचं दोनचार मीटर मीठ," एर्मेक म्हणाला, "खालचं पाणी कसं वर आणेल?"

"पाणी नाही आणत. आलेख सरकवतं. अख्खा, वरपासून खालपर्यंत, सारखाच." एजेंनी पारदर्शक कागद पुन्हा सातवर ठेवला. "आकार तोच, फक्त चौपट खाली. आणि हा दुसरा साक्षीदार बघ. विजेची लाट चुंबकाच्या लाटेच्या किती मागेपुढे चालते, त्याचा आलेख. याला वरवरचं मीठ फसवू शकत नाही. सहा, सात, आठ, तिन्हीकडे हा तंतोतंत एकच. न सरकवता. खाली तिन्ही ठिकाणी जमीन सारखीच आहे. तुझा घुमटबिमट काही नाही, एर्मेक."

"आणि तिसरा साक्षीदार?" ग्रीशानं विचारलं. त्याला आता गंमत वाटायला लागली होती.

एजेंनी हिरवा डागाळलेला कागद एर्मेकपुढं ठेवला. "बुरुलनं घेतलेलं चौकोनाचं माप. तेही चौपटच म्हणतं. ते नासबायच्या पुडीत सापडलं. पुडी कुणाची, ते नंतर. आणि पोरगी काय सांगायचं राहिली, ते ती स्वतः सांगेल."

बुरुलनं सांगितलं. आडपडदा न ठेवता, एजेंना सांगितलं होतं तसंच. एर्मेकनं कागद वाचला, ओठ हलवत, दोनदा.

"चौपट वर," तो स्वतःशीच म्हणाला. "चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे खोली दुप्पट."

"दुप्पट," एजे म्हणाल्या. "एकशे चाळीस गुणिले दोन."

ग्रीशा उठून उभा राहिला. "थांबा, थांबा. म्हणजे ही बोअर कोरडी नाही?"

"तू अर्ध्या वाटेवरून परत फिरलास, बाबा."

६

मग एर्मेक बोलायला लागला आणि ते सगळं खरंच होतं. मंजुरी दोनशेच्या आतली. दोनशे ऐंशीला पाणी नाही निघालं तर त्याची नोकरी जाईल आणि वर लोक हसतील. एजे ऐकत होत्या. कोणत्या कानानं ते मला सांगता येणार नाही.

"दोनशेच्या आत पाणी दिसलं तर रिग पाठवावी, असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "आलेली रिग कुठं थांबावी, हे नियमात कुठं लिहिलंय? दाखव मला. ग्रीशा, पाइप किती?"

"तीनशे मीटर."

"माझ्या अहवालात मी 'बोअर अपुरी' लिहिणार आहे. 'कोरडी' नाही. एर्मेक, बाकी तुझं तू ठरव."

एर्मेकनं तो दगड उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाला, "ग्रीशा, मशीन चालू कर." मी या माणसाला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्यात. त्यातल्या अर्ध्या त्या दिवशी परत घेतल्या.

पण बुरुल रिगपाशी थांबली नाही. ट्रकमध्ये येऊन बसली.

"बायके, गावात सोडा."

"पाणी लागू दे की आधी. मग सांग, हसत हसत."

"पाणी लागल्यावर सांगितलं तर ते सांगणं कसलं?"

मी ट्रक सुरू केला. खाली गेलो. घरांमधल्या मोकळ्या जागेत माणसं जमली. तिनं उभं राहून सांगितलं की मला माप माहीत होतं, मी लपवलं, कारण मला रिग इथं यायला हवी होती. तुम्हाला खोटी खोली कळली ती माझ्यामुळं. बोअर अजून चालू आहे. पाणी लागेल की नाही, मी शपथ घेऊन सांगू शकत नाही.

मग मी पण पुढं झालो आणि पुडीचं सांगून टाकलं. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमचं गाव तुझ्या ओठाखाली होतं तर." कुणीतरी हसलं. बाकी कुणी नाही.

बुरुलची आई सगळ्यात मागे उभी होती, हात पिठानं भरलेले. ती पुढं आली. मला वाटलं आता मुस्काटात बसते.

"बोरसोक पुन्हा तळायचे का नाही, तेवढं सांग," ती म्हणाली.

"माहीत नाही, आई."

आईनं तिच्याकडे बघितलं. "मग तळते," म्हणाली आणि घरात गेली.

दोन दिवस रिग चालली. दोनशे. दोनशे तीस. भुगा करडाच. दोनशे साठला ग्रीशानं माझ्याकडची नासबाय मागितली, तो कधी घेत नाही तरी. दोनशे सत्तरला एर्मेक ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. एजे आपल्या माझ्या चुलीपाशी, कुरूत चघळत. चुलीला आता चारच साधे दगड होते. मिठाचे साटिबाल्दी घोड्यावर लादून घेऊन गेला होता, एकेकाला हात लावून मोजत.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दोनशे शहाऐंशीला, मशीनचा आवाज बदलला. भुगा आधी काळसर झाला, मग चिखल झाला, आणि मग पाइपातून घरघर आली आणि पाणी उसळलं. गढूळ, कोमट, वाळू मिसळलेलं. ग्रीशा डोक्यापासून पायापर्यंत भिजला आणि रशियनमध्ये असलं काही ओरडला की इथं लिहिता येत नाही.

बुरुल तिथंच मटकन खाली बसली. आता ती रडली. मी शेजारी बसलो आणि मीही रडलो, लपवायचं कशाला?

आक-तेरेकची माणसं वर आली. या वेळी चालत, कारण घोड्यांवर रिकाम्या कॅनांची ओझी होती. आईनं बोरसोकचं फडकं सोडलं. जागा त्याची म्हणून साटिबाल्दीला आशीर्वाद द्यायला सांगितलं. सगळ्यांनी तळवे पुढं धरले. तो एवढंच म्हणाला, "इथून पुढं, विचारत चला." आम्ही तोंडावरून हात फिरवले.

ते पान कार्यालयाच्या दप्तरात अहवालाला टाचलेलं आहे. बुरुलला वर्षभर क्षेत्रकामावरून बाजूला ठेवलं, मला लेखी ताकीद मिळाली आणि एर्मेकला तोंडी. अहवाल ठेवलेलं ते कपाट उघडलं की अजून नासबायचा वास येतो, अशी तिथल्या बाईची तक्रार आहे.

पुढच्या वसंतात बुरुल परत आली. ट्रकमध्ये चढली, कोरी चौकटीची वही माझ्या मांडीवर टाकली आणि पेन दिलं.

"बायके, पानांना नंबर घाला."

मी घातले. शहाण्णव.

"मोजलीत?"

"दोनदा मोजली."

"पुन्हा मोजा," ती म्हणाली, आणि मी पुन्हा मोजायला घेतली.